वार लावून जेवणारं इंजिन: तार, डिझेल आणि बॅटरी

जमादाराची लेक

माझे बाबा भुसावळ यार्डात शंटिंग (डबे जोडण्या-तोडण्याच्या कामाचे) जमादार होते. त्यामुळे कुठेही रूळ दिसले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: इथं डबे ढकलायला काय लावत असतील?

मागच्या रविवारी न्यूयॉर्कच्या हायलाइनवर गेले होते. मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला, रस्त्यापासून सुमारे ३० फूट उंचावर बांधलेला हा मालगाड्यांचा मार्ग १९३४ मध्ये सुरू झाला. २००९ पासून तिथं बाग आहे, पण जुने रूळ गवतात तसेच राखलेत. एका ठिकाणी हा मार्ग थेट एका इमारतीच्या पोटात शिरतो. तिथं पूर्वी बिस्किटांचा कारखाना होता आणि वाघिणी आतच उभ्या राहायच्या. मी त्या छताखाली बराच वेळ थांबले. बिस्किटांच्या कारखान्यात वाफेचं इंजिन कोण घालेल? मग काय घालत होते?

घरी येऊन शोधलं आणि जे सापडलं ते इथं सांगितल्याशिवाय राहवेना.

हायलाइनच्या आधी या मालगाड्या चक्क रस्त्यावरून जात, दहाव्या आणि अकराव्या अ‍ॅव्हेन्यूवरून. माणसं इतकी चिरडली जायची की लोक त्या रस्त्याला 'डेथ अ‍ॅव्हेन्यू' म्हणू लागले. गाडीपुढे घोडेस्वार चालवायचा नियम झाला. दिवसा त्याच्या हातात लाल बावटा, रात्री कंदील. शहराच्या दुसऱ्या बाजूला, पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या बोगद्यात ८ जानेवारी १९०२ रोजी धुरात सिग्नल दिसला नाही म्हणून एक गाडी दुसरीवर आदळली आणि १५ माणसं गेली. त्यानंतरच्या कायद्यानं १९०८ पासून ग्रँड सेंट्रलला येणाऱ्या गाड्या विजेवर आल्या. रुळाशेजारी आणखी एक रूळ टाकून त्यातून ६६० व्होल्टचा प्रवाह. पुढे १९२३ च्या कॉफमन कायद्यानं शहरभर वाफेची इंजिनं बंद करायला सांगितली आणि मालवाहतूकवाले अडचणीत आले. यार्डात, गोदामात, जिथं माणसं दिवसभर रुळांवरून ये-जा करतात तिथं जिवंत प्रवाहाचा तिसरा रूळ टाकणार कसा?

न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेनं १९२८ मध्ये याचं उत्तर रुळावर आणलं. इंजिनं बांधणाऱ्या अल्को कंपनीनं सांगाडा बांधला, जनरल इलेक्ट्रिकनं विजेचं काम केलं, इंगरसॉल-रँडनं ३०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन दिलं आणि पोटात मोठी बॅटरी बसवली. जिथं तिसरा रूळ आहे तिथं त्यातून वीज घ्यायची. नसेल तिथं बॅटरी आणि डिझेल मिळून ओढायचं. गोदामात शिरताना डिझेल बंद करून नुसत्या बॅटरीवर जायचं. १९३० च्या सुमारास अशी तीसहून जास्त इंजिनं तिथं कामाला लागली होती.

पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरिबाघरची मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मला हे इंजिन तसंच वाटलं. जिथं जे ताट वाढलेलं असेल तिथं बसायचं, पण शिक्षण थांबू द्यायचं नाही.

इथं रेल्वेतली आणि विजेतली बरीच मंडळी आहेत. आपल्याकडे असं काही झालंय का? होण्यासारखं आहे का?

कारबुडे

धागा आवडला. धुरावरून आठवलं. लहानपणी मे महिन्यात रत्नागिरीला जाताना बोगदा आला की आई आधी खिडकी खाली ओढायची. साडेसहा किलोमीटरच्या कारबुडे बोगद्यात तर डिझेलचा वास कपड्यांना लागायचा. २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर विजेची तार आली, त्यानंतर माझ्या मुलीनं तो वास अनुभवलेलाच नाही. तिला फक्त अंधार माहीत आहे.

आठवा नॉच

लेकी, तुझ्या बाबांना नमस्कार सांग. माझी ३४ वर्षं डिझेलवर गेली, पुणे शेडमध्ये.

आधी एक गैरसमज काढतो. लोकांना वाटतं की डिझेल इंजिन ट्रकसारखं गिअर लावून चाकं फिरवतं. आपल्याकडची मोठी इंजिनं तशी नाहीत. डिझेल फक्त जनरेटर फिरवतं, त्यातून वीज निघते आणि ती वीज धुऱ्यांवरच्या, म्हणजे चाकांच्या आसांवरच्या, ट्रॅक्शन मोटर फिरवते. म्हणजे डिझेल लोको हे स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन फिरणारं विजेचं इंजिनच आहे. त्या मोटरला वीज कुठून आली याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून तारेची, बॅटरीची, डिझेलची वीज एकाच मोटरला पाजणं ही कल्पना १९२८ मध्येही सुचली. धाग्यात ज्या अल्कोचं नाव आलंय तिच्याच आराखड्यावरचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन आपल्याकडे १९६२ पासून आलं. २६०० अश्वशक्ती, सोळा सिलिंडर. मी त्याच्यावरच शिकलो.

आता बॅटरीबद्दल. भोर घाटात १ ला ३७ चा उतार आहे. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरताना आम्ही डायनॅमिक ब्रेक लावायचो. तेव्हा मोटर उलट्या कामाला लागतात, जनरेटर होतात आणि गाडीला मागे खेचतात. ती सगळी वीज कुठे जायची? लोखंडी ग्रिडमध्ये जळून. पंखा घोंघावत गरम हवा बाहेर फेकायचा. हिवाळ्यात पहाटे त्या झोताशेजारून गेलं की तोंडाला शेक बसायचा. खंडाळ्यापासून खालपर्यंत एवढी वीज हवेत सोडून आम्ही कर्जतला पोचायचो आणि परत चढताना टाकीतलं डिझेल जाळायचो. मला हे कायम खुपायचं. विजेच्या इंजिनांना ती वीज तारेत परत देता येते. डिझेलला ती ठेवायला जागाच नव्हती. बॅटरी म्हणजे ती जागा.

डोंबिवलीकर_इंजि

माहिती छान, पण कल्पनेच्या प्रेमात पडण्याआधी वजनाचा हिशेब करा. तारेखालून शंभर किलोमीटर जाताना डिझेलचं इंजिन, टाकीतलं तेल, रेडिएटर, बॅटरी हे सगळं कशासाठी वाहून न्यायचं? शेवटच्या दोन किलोमीटरसाठी? ब्रॉडगेजचं विद्युतीकरण आपल्याकडे जवळजवळ पूर्ण झालंय. २०१९ मध्ये तर वाराणसीच्या कारखान्यानं जुन्या डिझेल इंजिनांचं रूपांतर करून दहा हजार अश्वशक्तीचं विजेचं जोडइंजिन बनवलं. दिशा ती आहे. प्रत्येक यंत्र एकच काम करो आणि नीट करो.

शिवाय तीन यंत्रणा म्हणजे तिन्हींची देखभाल. शेडमध्ये विजेचा फिटर वेगळा, डिझेलचा वेगळा. बिघाड कुणाचा, यावर दुपार जाईल.

किलोव्होल्ट

डोंबिवलीकर, मुद्दा रास्त आहे, पण 'शेवटच्या दोन किलोमीटरसाठी' हे इतक्या हलक्यात घेऊ नका. मालगाडी जन्मते आणि संपते त्या दोन किलोमीटरमध्येच.

साइडिंगवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या फाट्यावर, २५ हजार व्होल्टची तार का नसते? उघड्या वाघिणीत वरून क्रेननं माल उतरवतात, कोळसा वरून ओततात, जेसीबीचा हात वर जातो. तिथं तार टाकली तर माणसं मरतील. म्हणून विजेचं इंजिन गाडी दारापर्यंत आणतं आणि मग ती डिझेल शंटरची वाट बघत उभी राहते. तो शंटर दिवसातले कितीतरी तास नुसता धडधडत उभा असतो.

आता ताकदीचा हिशेब, कारण खरी गंमत त्यात आहे. ब्रिटनमध्ये स्टॅडलरनं स्पेनमधल्या कारखान्यात बांधलेलं क्लास ९३ आहे. आजच्या काळातलं तुमचं वार लावून जेवणारं इंजिन ते हेच. तारेखाली सुमारे ४००० किलोवॅट. तार नसेल तिथं ९०० किलोवॅटचं डिझेल आणि जोडीला बॅटरीचे ४०० किलोवॅट. तुम्ही म्हणाल, ४००० आणि १३०० मध्ये केवढी तफावत! पण ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग. ताशी १० किलोमीटर वेगानं ३०० किलोन्यूटनची ओढ द्यायची तर लागतात फक्त ८३३ किलोवॅट. सुरुवातीच्या ओढीला मर्यादा इंजिनाच्या ताकदीची नसते, चाक रुळावर घसरण्याची असते. म्हणजे यार्डात, साइडिंगवर, कमी वेगात हे इंजिन डिझेलवरही जवळजवळ तेवढंच ओढतं. मोठी ताकद लागते ती वेग धरताना, आणि वेग आपण तारेखालीच धरतो.

म्हणून डिझेल लहान ठेवायचं आणि झटक्याच्या वेळी हात द्यायला बॅटरी. १९२८ च्या त्या ३०० अश्वशक्तीमागेही हाच विचार होता.

डोंबिवलीकर_इंजि

८३३ चा हिशेब कागदावर करून पाहिला, बरोबर आहे. शंटिंगपुरतं मान्य.

पण मग दुसरी अडचण. धुरीवरचा भार. न्यू जर्सीत एएलपी-४५डीपी नावाचं इंजिन आहे. तारेवर पूर्ण ताकद आणि शिवाय २१०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं. वजन सुमारे १३० टन आणि धुऱ्या फक्त चार. म्हणजे धुरीमागे ३२ टनांच्या आसपास. आपलं डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन १२३ टनांचं, पण सहा धुऱ्यांवर, म्हणजे धुरीमागे साडेवीस टन. ते अमेरिकन इंजिन आपल्या पुलांवर आणता येणार नाही. दोन्हीकडे पूर्ण ताकद हवी असेल तर सहा धुऱ्या आणि काटकसर, दुसरा मार्ग नाही.

आठवा नॉच

वजनाचं एक मात्र उलटंही आहे. शंटिंगच्या इंजिनाला वजन लागतंच, नाहीतर चाक जागेवर फिरतं आणि आम्ही वाळू सोडत बसतो. तिथं बॅटरीचं वजन ओझं ठरत नाही, कामाला येतं.

हॅरोवाली

लंडनहून. इथल्या भुयारी रेल्वेकडे अशी इंजिनं फार वर्षांपासून आहेत, फक्त प्रवाशांना ती दिसत नाहीत. रात्री शेवटची गाडी गेली की रुळांमधला प्रवाह तोडतात, कारण माणसं दुरुस्तीला खाली उतरतात. मग खडी आणि रूळ घेऊन जाणार कोण? बॅटरीची इंजिनं. प्रवाह चालू असेल तोवर ती रुळातून वीज घेत कामाच्या जागेपर्यंत जातात, तोडला की बॅटरीवर. बोगद्यात धूर नाही.

माझं घर मार्गाला लागून आहे. मुलगा तान्हा होता तेव्हा रात्री दोन-अडीचला त्याला खांद्यावर घेऊन खिडकीत उभी राहायचे. एकदा पिवळं इंजिन सावकाश गेलं. मागे वाघिणी होत्या, त्यांचा खडखड ऐकू आला, इंजिनाचा अजिबात नाही. तेव्हा कारण माहीत नव्हतं.

दक्षिण इंग्लंडमधलं क्लास ७३ पण बघा. १९६२ ते १९६७ मध्ये ४९ बांधली. तिसऱ्या रुळावर १६०० अश्वशक्ती, डिझेलवर ६००. त्यातली काही नव्या डिझेल इंजिनासह पुन्हा घडवली आणि ती स्कॉटलंडच्या डोंगरात स्लीपर गाडी ओढायला लावली. साठ वर्षं टिकलेल्या यंत्राला बिनकामाचं ओझं कसं म्हणायचं?

मदनमहाल

जबलपूरहून. 'आपल्याकडे असं काही झालंय का' या प्रश्नाला उत्तर आमच्याच गावात आहे. २०२० मध्ये पश्चिम मध्य रेल्वेच्या जबलपूर विभागानं 'नवदूत' नावाचं शंटिंग इंजिन तयार केलं. तार असेल तर तारेवर, नसेल तर बॅटरीवर. डिझेल नाही. म्हणजे तिनातली दोन ताटं.

जमादाराची लेक

मदनमहाल, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार.

डोंबिवलीकर, तुम्ही ज्या एएलपी-४५डीपीचं वजन मोजलंत त्याच्याच मागे बसून मी कधीकधी ऑफिसला जाते. ब्रिजवॉटरकडून येणाऱ्या मार्गाला नेवार्कच्या अलीकडे तार नाही आणि हडसन नदीखालच्या १९१० च्या बोगद्यांत डिझेल चालत नाही. म्हणून वर्षानुवर्षं सगळ्यांनी नेवार्कला उतरून गाडी बदलायची, अजूनही बहुतेक गाड्यांना तसंच आहे. २०१४ पासून गर्दीची वेळ सोडून काही गाड्या थेट न्यूयॉर्कला जातात त्या या इंजिनामुळे. नेवार्कला गाडी थांबते, पायाखालची थरथर एकदम जाते. मग वरच्या तारेला पँटोग्राफ (वीज घेणारा छतावरचा सांगाडा) टेकतो आणि आपण निघतो. थंडीत, मांडीवर झोपलेलं मूल घेऊन फलाट बदलावा न लागणं याचं वजन धुरीवर मोजता येत नाही.

आठवा नॉच

गाडी न बदलण्यावरून आपली जुनी गोष्ट आठवली, ती इथं असायलाच हवी. मुंबईत १५०० व्होल्ट डीसी, बाहेर २५ हजार व्होल्ट एसी. डीसीचं इंजिन विरारला, इगतपुरीला सोडायचं आणि एसीचं लावायचं. तोडा, जोडा, ब्रेक तपासा. त्यावर चित्तरंजनला १९७५ ते १९७९ मध्ये दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-१ इंजिनं बांधली, ५३ नग. विरारच्या पुढे मधे प्रवाह नसलेला पट्टा होता. त्यात चालत्या गाडीत डीसीचा पँटो खाली आणि एसीचा वर. डीसीखाली त्या इंजिनाची ताकद कमी पडायची, हे खरं. पण अहमदाबादपर्यंत इंजिन बदलायचं राहिलं नाही. मध्य रेल्वेवर नंतर डब्ल्यूसीएएम-३ आलं. पश्चिम रेल्वेचं मुंबईतलं डीसी २०१२ मध्ये गेलं, मध्यचं २०१६ पर्यंत, आणि या इंजिनांचं खास कामही संपलं. ही दोन प्रकारची तारच, डिझेल-बॅटरी नाही. पण जिथं एक पुरवठा संपतो आणि दुसरा सुरू होतो ती शिवण सांभाळायची, हे काम तेच.

कारबुडे

मग आम्हाला कोकणात काय हवं? जुलैत झाड तारेवर पडलं की विजेचं इंजिन जागच्या जागी लोखंड होऊन बसतं. पुढचा बोगदा, मागचा पूल, मधे हजार माणसं. अशा वेळी सगळ्या गाडीला नव्हे, पण पुढच्या स्टेशनापर्यंत सावकाश सरकता येईल इतकी बॅटरी प्रत्येक इंजिनात असू नये का?

किलोव्होल्ट

कारबुडे, तार तुटून खाली लोंबत असेल तर त्यातून गाडी पुढे काढता येणार नाही, बॅटरी असो वा नसो. पण नुसता पुरवठा गेला असेल तर तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. युरोपात ट्रॅक्स मालिकेतल्या विजेच्या इंजिनात एक छोटं डिझेल ठेवतात. त्याचं नावच 'लास्ट माइल'. त्यावर वेग कमी, पण गाडी यार्डात जाते.

बॅटरीबद्दल मात्र सावध. सगळ्या बॅटऱ्या सारख्या नसतात. २००० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत 'ग्रीन गोट' नावाचं शंटिंग इंजिन आलं. छोटं डिझेल आणि मोठी शिसं-आम्लाची बॅटरी. कल्पना उत्तम होती, पण काहींच्या बॅटऱ्यांना आगी लागल्या. शंटिंगमध्ये मिनिटभर जबरदस्त ओढ, मग दहा मिनिटं शांतता, पुन्हा ओढ. अशा वापरात शिसं-आम्ल लवकर थकतं. क्लास ९३ मध्ये लिथियम-टायटनेट घेतलंय. तेवढ्याच वजनात साठा कमी मावतो, म्हणून मोटारगाडीला ते परवडत नाही. पण झटपट चार्ज होतं, झटपट वीज देतं, हजारो वेळा भरून रिकामं केलं तरी टिकतं. इंजिनाला तेच हवं. जपानमध्ये मालवाहतूक कंपनीनं २०१० मध्ये आणलेलं एचडी३०० हे शंटिंग इंजिनही डिझेल जनरेटर आणि लिथियम बॅटरीच्या जोडीवर चालतं.

आणि लांबच्या मार्गावरही प्रयोग झालाय. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात बार्स्टो ते स्टॉकटन मालगाडीत डिझेल इंजिनांच्या मधे एक पूर्ण बॅटरीचं इंजिन जोडलं. २.४ मेगावॅट-तासांची बॅटरी. उतारावर भरायची, चढावर द्यायची. पूर्ण गाडीचं इंधन ११ टक्क्यांनी वाचलं. आठवा नॉच काका, तुमची कर्जतची वीज.

आठवा नॉच

वाचून बरं वाटलं. ११ टक्के म्हणजे घाटातल्या माणसाला किती ते विचारा.

डोंबिवलीकर_इंजि

माझं मत थोडं बदललंय. लांबच्या गाडीला तारच आणि नुसती तार. यार्डाला बॅटरी. बंदर, खाण, तेलाचा डेपो अशा ठिकाणी मात्र तारेच्या इंजिनातच छोटं डिझेल किंवा बॅटरी असावी, म्हणजे शंटरची वाट बघत गाडी अडकणार नाही. तिन्ही एकत्र कुठं लागेल हे जागा बघूनच ठरवावं.

जमादाराची लेक

काल बाबांना फोन करून हा सगळा धागा वाचून दाखवला. ८३ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा वाचला. किलोवॅट, लिथियम वगैरे सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बॅटरीवर असताना आवाज नाही म्हणतेस. मग इंजिन हललं, हे खाली कपलिंगला वाकलेल्या माणसाला कळणार कसं?"

मला उत्तर सुचेना. ते म्हणाले, यार्डात आम्ही डोळ्यांनी बावटा बघायचो, पण जीव कानांवर वाचायचा. दोन बफरांच्या मधे शिरल्यावर काहीच दिसत नाही. इंजिनाचा सूर चढला की पाठीला कळायचं, बाहेर निघ.

मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत इंजिनांवर पितळी घंटा असायची आणि हलताना ती वाजवत राहायची पद्धत होती. आणि हॅरोवाली ताईंच्या खिडकीखालून गेलेल्या इंजिनाचंही सांगितलं, की वाघिणींचा खडखड ऐकू आला, इंजिनाचा नाही.

"तेच म्हणतोय मी," म्हणाले. "घंटा पाहिजे. आणि ती ड्रायव्हरच्या मर्जीवर नको. चाक फिरलं की आपोआप वाजली पाहिजे."

किलोव्होल्ट, असं बसवणं अवघड आहे का?

किलोव्होल्ट

अजिबात नाही. मोटरच्या आसावर वेग मोजणारा सेन्सर असतोच, त्यावरून घंटा वाजवता येईल. पण बाबांचं ऐकल्यावर मला वाटतं की चाक फिरल्यावर वाजून उशीर होईल. ड्रायव्हरनं हँडल शून्यावरून उचललं की आधी घंटा, आणि दोन-तीन सेकंदांनी मोटरला वीज. विचारा त्यांना, किती सेकंद पुरतील.

जमादाराची लेक

विचारलं. म्हणाले, "वाकलेला माणूस बाहेर यायला पाच धर. पावसात सात."